बसलेला हात

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला पेन म्हणू नका. मी एक जुना टाक आहे. माझ्या पोटात शाई नसते. मला दौतीत बुडवावं लागतं, तेव्हा कुठे मी चार रेघा बोलतो. माझ्या पोलादी निबेला मधोमध चीर आहे. जीभ अशी चिरलेली असूनही मी आयुष्यात खोटं बोललो नाही. हा माझा अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

माझे मालक चिंतामणी हे व्यंगचित्रकार. लालबागच्या चाळीतल्या खिडकीपाशी बसून ते एका दैनिकासाठी रोज छोटी चौकट काढायचे. त्या चौकटीत नाकाडेमामा नावाचे गृहस्थ असत. नाकाडेमामांचं नाक कपाळापासून निघून थेट मिशीपर्यंत उतरायचं, आणि तेही एकाच रेघेत. मध्ये टाक उचलायचा नाही की थांबायचं नाही. संपादक ते नाक बघून म्हणायचे, "चिंतामणी, हात बसलाय हो तुमचा!" खरं तर मेहनत आम्हा दोघांची होती, पण कौतुक हाताचंच व्हायचं. मी थोडा रुसायचो. मग काम संपल्यावर चिंतामणी मला पाण्यात धुऊन जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसायचे, की माझा रुसवा निघून जायचा.

आणि एके दिवशी तो हात कापू लागला. आधी चहाचा कप हिंदकळला, मग रेघ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण कंप गेला नाही. चिंतामणींनी "डोळ्यांना त्रास होतो" असं सांगून चौकट बंद केली आणि चारचौघांत हात खिशात ठेवायला सुरुवात केली. खरं कारण घरात फक्त सुनेला, सुचित्राला ठाऊक होतं. तिने मला प्रेमाने काचेच्या शोकेसमध्ये, बक्षिसाच्या ढालींच्या शेजारी ठेवलं. तिचा हेतू चांगला होता. पण मित्रांनो, शोकेस फार वाईट जागा आहे. तिथे सगळे तुमच्याकडे बघतात आणि कुणालाच तुमची गरज नसते.

यंदा दादरच्या एका सभागृहात व्यंगचित्रकारांचा कार्यक्रम ठरला. प्रेक्षकांसमोर गप्पा मारायच्या आणि बोलता बोलता चित्रं काढायची. चिंतामणींचे जुने मित्र नॉर्मन यांचा फोन आला. गिरगावच्या वाडीत राहणारे नॉर्मनही व्यंगचित्रकारच. "मी फक्त बोलणार, चित्रं तू काढायचीस," या अटीवर चिंतामणी तयार झाले. जुन्या काळचं हत्यार लोकांना दाखवायला म्हणून मला खिशात घेतलं. टॅक्सीने निघालो, सुचित्राही बरोबर होती. परळपाशी रस्ता खोदलेला होता, खिशात मी नुसता आदळत होतो. तरी खूश होतो. शोकेसबाहेरची हवा लागत होती ना!

कार्यक्रम रंगला. कागदावर कॅमेरा रोखलेला होता, त्यामुळे नॉर्मनची प्रत्येक रेघ मोठ्या पडद्यावर दिसत होती. चिंतामणी जुने किस्से सांगत होते, खिशातला हात खिशातच होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या.

"काका, नाकाडेमामा काढा ना! ते एका रेघेतलं नाक!"

टाळ्या पडल्या. नॉर्मनना बिचाऱ्यांना काही कल्पना नव्हती. त्यांनी दौत पुढे सरकवली. "काढ रे चिंत्या, भाव नको खाऊ. लोकहो, बघा आता. ह्याचा हात बसलाय, हात!"

आता नाही म्हणणं अवघड होतं. चिंतामणींनी मला खिशातून काढून दौतीत बुडवलं. किती दिवसांनी ती बोटं मला लागली! पण मी कागदाला टेकलो आणि ती रेघ जी हलली, ती हलतच राहिली. पडद्यावर नाक करवतीसारखं दातेरी दिसू लागलं. त्यातच माझ्या जिभेवरून शाईचा थेंब निसटला आणि खाली भला मोठा डाग पडला.

कुणीतरी हळूच "अरेरे" म्हणालं. नॉर्मनचा चेहरा उतरला. त्यांनीच उच्चारलेला शब्द आता भलताच ऐकू येत होता. आवाज बसतो, धंदा बसतो, तसा हात बसलाय. पहिल्या रांगेत सुचित्रा उठायला निघाली. मला वाटलं, आता आपण परत शोकेसमध्ये, आणि या वेळी कायमचे.

पण चिंतामणींनी मला पुन्हा दौतीत बुडवलं. थरथरत्या नाकाला थरथरती मिशी आली. चेहऱ्याभोवती खिडकी आली, वर टप आलं, खाली चाकं. डागाभोवती रेघ फिरली, तर तो रस्त्यातला खड्डा झाला! मग त्यांनी मान वर केली.

"नॉर्मन, हात बसलाय खरा. पण टॅक्सीत बसलाय! लालबागवरनं दादरला यायचं म्हणजे रेघ सरळ कशी राहील?"

अख्खं सभागृह हसलं. मीही हसलो असतो, पण मी कामात होतो.

नॉर्मननी चष्मा काढून डोळे पुसले. मग आपला ब्रश उचलून टॅक्सीत नाकाडेमामांच्या शेजारी स्वतःला काढलं. नॉर्मनचा हात अजिबात कापत नाही, तरी त्यांनी प्रत्येक रेघ मुद्दाम थरथरती काढली.

"सरक रे चिंत्या," ते म्हणाले. "मी पण बसतो."

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू काचेआड ठेवण्याआधी तिच्याकडून एकदा काम घेऊन बघा. आणि कुणाची रेघ हलली तर "अरेरे" म्हणायची घाई करू नका. चित्र पुरं होईपर्यंत थांबा.

घरी आल्यावर चिंतामणींनी मला पाण्यात धुतलं. बनियनचा तुकडा शोधून काढला आणि पुसायला बसले. हात कापत होता, त्यामुळे वेळ लागत होता. सुचित्राने शोकेसचं दार उघडलं आणि मला घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे गो," चिंतामणी म्हणाले. "इथे टेबलावरच ठेवतो. उद्या लागणार आहे."