तिसऱ्या रविवारचा मुक्काम

शांतवन आप्पांच्या घरी नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारी मिळून एकच कीर्तन व्हायचं. पहिल्या रविवारी संदेष्टे, दुसऱ्याला देवदूताचा निरोप, तिसऱ्याला मरिया-योसेफाची वाट आणि चौथ्याला सराईचं बंद दार. बाळाचा जन्म मात्र चोवीस तारखेच्या रात्रीच गायचा. त्याआधी ‘जन्मला’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असा घरचा नेम होता. “कळा सुरू व्हायच्या आत पाळणा म्हणत्यात व्हय?” आप्पा विचारायचे.

आता आप्पा ऐंशीच्या पुढं गेले होते. दम पुरत नव्हता. अर्धी ओळ ते गात, उरलेली अर्धी मागं झांज घेऊन उभी असलेली सून, सुवर्णा, उचलून धरी. ती नसली तर ओळ तिथंच खाली पडायची.

आणि आज सुवर्णाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. शहरात, कॅम्प भागातल्या बेकरीत ती केकवर क्रीमची फुलं काढायची. डिसेंबर म्हणजे बेकरीची सुगी. सकाळी सहापासून ती उभी होती, आणि डोक्यावरच्या स्पीकरवर दिवसभर नाताळची गाणी चालू. बसमध्ये दांडा धरून उभ्या-उभ्याच तिनं ठरवलं. आज आप्पांना सांगायचं, यंदा एवढ्यावर बास.

कंग्राळी गावातल्या घरी पोचली तर आप्पा फेटा बांधून तयार. नवरा अमृत पेटी पुसत होता, लेक रचना आजच्या तिसऱ्या रविवारची तिसरी मेणबत्ती ताटात उभी करत होती. शेजारच्या गुणाबाई नेहमीप्रमाणे भिंतीची जागा धरून बसल्या होत्या. त्यांचा देव वेगळा, पण कीर्तन त्यांनी कधी चुकवलं नाही.

“आप्पा, यंदा...” सुवर्णानं सुरुवात केली.

“ही घे झांज,” आप्पा म्हणाले. “सकाळधरनं घसा जपलाय बघ. कुणासंगं बोललो बी न्हाय.”

तिनं झांज घेतली.

प्रार्थना झाली, मेणबत्त्या लागल्या. आप्पांनी वीणा छातीशी धरली.

“चाल मरिये, हळू चाल...”

“गाव अजून दूर,” सुवर्णानं ओळ पुरी केली.

“डोंगर सरला, ओढा आला...”

“गाव अजून दूर.”

असं किती वेळ चाललं कोण जाणे. तिच्या पापण्या जड झाल्या. हात झांज वाजवत होते, पण मन झोपेच्या काठावर. आप्पांचा श्वास तुटला आणि सुवर्णानं खड्या आवाजात, बेकरीत दिवसभर कानावर पडलेलीच ओळ उचलली,

“जन्मला, जन्मला, राजा आज जन्मला!”

पेटी थांबली.

“आगं बया!” गुणाबाई म्हणाल्या. “वाटंतच बाळंत झाली व्हय? मग घुगऱ्या कुठं हाईत?”

रचनाला हसू आवरेना. सुवर्णा मात्र रडायलाच लागली.

“न्हाय जमत आप्पा मला,” ती म्हणाली. “पाय उचलत न्हाईत. यंदाचं हितंच थांबवूया.”

आप्पांनी वीणा खाली ठेवली. ते सुनेच्या सुजलेल्या पावलांकडं बघत राहिले. मग निरूपणाच्या सुरात, पण हळू, बोलू लागले.

“मंडळी, मरियेचं पाय सुजलं. शास्त्रात लिव्हलं न्हाय, पर पोटुशी बाई एवढी वाट चालली म्हंजे सुजणारच की. आन् योसेफ शाणा गडी. त्यो म्हणाला, बस हितं. गाव काय पळून जात न्हाय. आज मुक्काम हितंच.”

त्यांनी स्वतःच चटई ओढली आणि सुवर्णाला बसवलं. मग गुडघ्यावर हात टेकत तिच्याशेजारी बसले. उभं राहून सुरू केलेल्या कीर्तनात ते मध्येच बसल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“आन् चौथा रविवार?” अमृतनं विचारलं.

“ऱ्हायला तर ऱ्हायला,” आप्पा म्हणाले. “यायचा त्यो येतोयच. माझ्या गाण्यावर अडलंय व्हय त्येचं?”

ते फेटा सोडू लागले. गाठ सुटेना. सुवर्णानं ती सोडवून दिली. इतक्या जवळून तिला त्यांचा श्वास ऐकू आला, छातीत घरघरणारा. हा माणूस आपल्याहून कितीतरी जास्त दमलाय, आणि एका शब्दानंही तसं बोलला नाही.

“पुढच्या रविवारी बसून म्हणू,” ती म्हणाली. “तुम्ही बी बसून, मी बी बसून.”

“बसून कीर्तन? लोक काय म्हणतील गं?”

“लोक म्हंजे कोण? गुणाबाईच की.”

“मी तर आडवी पडून ऐकीन,” गुणाबाई म्हणाल्या.

आप्पा हसले, खोकले, पुन्हा हसले. “बरं,” ते म्हणाले. “पर सराईचं दार ठोठवायला तरी उभं ऱ्हाऊ दे मला.”

भिंतीला डोकं टेकून सुवर्णा कधीच झोपली होती. अमृत पेटी मिटायला लागला, तसा तिची झोप मोडू नये म्हणून आप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं.