बर्फाच्या अक्षरांचा जोडीदार

मी एक जुना लाकडी खण आहे, मित्रांनो. माझ्या पोटात छपाईची सुटी अक्षरे आहेत. छापखान्यात त्यांना खिळे म्हणतात. माझे खिळे लाकडात कोरलेले, खास हिवाळ्यासाठी केलेले. प्रत्येकाच्या डोक्यावरच्या रेघेवर बर्फाचा जाड थर आहे आणि तो कान्या-वेलांट्यांवरून खाली ओघळतो. मला घडवणाऱ्या सुताराला 'झ' कोरताना दोन दिवस लागले. तो इतका वैतागला की दुसरा 'झ' त्याने केलाच नाही. माझ्याकडे आजही 'झ' एकच आहे.

माझ्या खालच्या खणात शिशाचे खिळे राहत. जाड, ठसठशीत, सरळ. ना नक्षी, ना नखरा. थंडी पडू लागली की शुभेच्छापत्रांची कामे येत आणि जुळारी आम्हा दोघांना बाहेर काढी. जुळारी म्हणजे एकेक खिळा उचलून ओळी लावणारा माणूस. तो आधी साध्या खिळ्यांनी सगळा मजकूर लावी आणि मगच वर एक शब्द माझा ठेवी. गिऱ्हाईक म्हणे, "सगळंच बर्फाचं करा की! झकास दिसेल."

"अहो, सगळेच नटून बसले तर पाहुण्यांना पाणी कोण देणार?" जुळारी हसून म्हणे.

कार्ड छापून झाले की लोक माझेच कौतुक करत. मी फुगून जाई. शिशाच्या खणाकडे मी नाक मुरडून बघत असे. 

जुळाऱ्याला एक थोरली बहीण होती. ती दूरच्या गावी एकटीच राहायची. आईच्या आजारपणात तो तिला एकदा रागाने म्हणाला होता, "तू काय केलंस गं आईसाठी?" ताई त्याच पावली निघून गेली. त्यानंतर फोनवर दोघे हवापाण्याचे बोलत, पण ती गोष्ट काढायला त्याची जीभ रेटत नसे. दर हिवाळ्यात मात्र तो तिला एक कार्ड छापून पाठवी. वर माझा 'हिवाळा' आणि खाली साध्या अक्षरांत 'थंडीची काळजी घे'. ताईची नजर पुढे अधू झाली. "तुझी ती खालची जाड अक्षरं तेवढी वाचता येतात रे," असे ती सांगे.

मग छापखाना बंद पडला. त्याच सुमारास जुळारी आजारी पडून इस्पितळात गेला. त्याच्या मुलाने घाईघाईने आवराआवर केली. बापाला आनंद व्हावा म्हणून त्याने मला पुसूनबिसून घरी आणले आणि खालचा खण भंगारात दिला. शिसे वितळायला गेले. मला वाटले, बरे झाले, खरे सोने ओळखले.

जुळारी घरी आला. मुलगा कौतुकाने म्हणाला, "बाबा, सुंदर होतं तेवढं ठेवलंय बघा." जुळाऱ्याने माझ्यावरून हात फिरवला आणि विचारले, "आणि साधे?" "भंगारात दिले," मुलगा म्हणाला. बाप त्याला एक शब्दही रागावला नाही.

त्या आजारपणात त्याने एक गोष्ट मनाशी ठरवली होती. यंदा ताईला नुसती काळजी घे म्हणायचे नाही. आजारपणापासून त्याला पेन धरवत नसे आणि साधे खिळे उरले नव्हते, म्हणून त्याने माझेच खिळे लावले. 'ताई, चुकलं माझं. येऊ का?' एकुलता एक 'झ' तिथे कामी आला. हाताने शाई लावून, कागद दाबून त्याने कार्ड छापले. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. पहिल्यांदाच सगळे कार्ड माझे होते!

आठ दिवसांनी ताईचा फोन आला. "यंदा छान चित्र पाठवलंस रे. सगळीकडे बर्फच बर्फ! पण काही लिहिलं नाहीस?"

फोनवर ते शब्द उच्चारायला त्याची जीभ पुन्हा रेटेना. मग म्हणाला, "नाही गं. चित्रच आहे ते. थंडीची काळजी घे."

थंडी सरायच्या आत ताई गेली. जुळारी तिचे घर आवरून आला, तेव्हा ते कार्ड त्याच्या हातात होते. ताईने ते भिंतीवर टांगण्यासाठी त्याला दोरा ओवला होता. दोरा खालच्या कडेला होता. सगळा हिवाळा माझी अक्षरे तिच्या भिंतीवर उलटी लटकत होती. ते पाहून मला लाज वाटली. आजही वाटते.

आता जुळाऱ्याची नात संगणकावर हिवाळ्याची कार्डे करते. काल तिने विचारले, "आजोबा, हा बर्फाचा फॉन्ट किती गोड आहे! याच्या जोडीला कोणता घेऊ?"

"ताईला वाचता येईल असा घे," जुळारी म्हणाला.

नातीला काही कळले नाही, पण तिने साधा, जाड फॉन्ट निवडला. आजोबांनी डोळे पुसले.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपता त्याबद्दल तुमचे उपकार आहेत. पण घर आवराल तेव्हा सुंदर तेवढेच ठेवू नका. आधी साध्याला हात लावून विचारा, याच्याशिवाय कुणाचा निरोप अडेल का? मी कधी विचारले नाही. माझा जोडीदार असता, तर एका भावाला बहिणीकडे जाता आले असते.