आर्लिस टॉफ्टेचं हरीण

ओरिन टॉफ्टेने जन्मात एकच मोठं हरीण मारलं आणि ते लागलं दुसऱ्याच्या भिंतीवर. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कारण ते हरीण मीच सोललं होतं.

मी खाटीक आहे. विस्कॉन्सिनच्या पश्चिमेला, टेकड्या आणि मक्याच्या शेतांच्या मध्ये माझं दुकान. त्या काळी शिकार केलेलं प्रत्येक हरीण सरकारी नोंदीसाठी माझ्याच दारात आणावं लागे. त्यामुळे नोव्हेंबरात गावातले निम्मे पुरुष माझ्याकडे हातात कॉफीचा कप घेऊन उभे असत. कुणाचं शिंग केवढं, कुणाचा नेम चुकला, सगळं तिथेच कळायचं.

ओरिनने बंदूक कधी धरली नाही. तो म्हणायचा, "बंदूकवाला हरणाला गाठतो. धनुष्यवाल्याला हरणानेच येऊन गाठावं लागतं." वीस पावलांच्या पलीकडे त्याने कधी बाण सोडला नाही. एका नराच्या मागे तो चार हिवाळे होता. पाचव्या वर्षी एका संध्याकाळी तो नर मचाणाखाली आला. बाण लागला, पण थोडा मागे, तिरका. हरीण कुंपण ओलांडून शेजारच्या वेंडेल क्रोगच्या रानात गेलं.

दुसऱ्याच्या जमिनीत शिरायचं तर परवानगी लागते. ओरिनने वेंडेलचं दार ठोठावलं.

"आत्ता मागे लागलास तर उठून दोन मैल पळेल," वेंडेल म्हणाला. "पडू दे त्याला. सकाळी ये, मी पण येतो शोधायला."

सल्ला खरा होता. कुठल्याही जाणत्या शिकाऱ्याने तोच दिला असता. म्हणून तर ओरिनने ऐकला. सकाळी त्याला रानात दबलेलं गवत सापडलं, रक्त सापडलं आणि ओढत नेल्याची खूण सापडली. तोवर वेंडेलने हरीण माझ्या दुकानात आणून त्याला स्वतःच्या परवान्याची चिठ्ठी बांधलीसुद्धा होती.

कातडं उतरवताना माझ्या सुरीला काहीतरी खट्ट लागलं. पलीकडच्या खांद्याच्या हाडात बाणाचं पातं रुतून बसलं होतं. दोन धारांचं, कानशीने घासलेलं, बुडाशी एक छोटी खाच. तशी पाती आमच्या भागात एकच माणूस घरी बनवायचा. वेंडेल वापरायचा दुकानातली तीन धारांची.

"काय सापडलं रे?" वेंडेलने मागून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि पातं एप्रनच्या खिशात टाकलं.

वेंडेल माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आम्ही एका टेबलावर बसणारी माणसं.

दुपारी ओरिन आला. टांगलेल्या हरणाकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, "एल्डन, आत काही होतं का?" एकदाच विचारलं. मी नाही अशी मान हलवली. त्यानेही हलवली आणि गेला. ओरिन आणि मी शाळेत एका बाकावर बसलेलो होतो.

एप्रिलमध्ये कुंपणाच्या तारा ओढताना ओरिन जागच्या जागी गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. तोवर वेंडेलचा फोटो पेपरात येऊन गेला होता आणि ते डोकं पेंढा भरून त्याच्या बैठकीत लागलं होतं.

दफनानंतर आठवड्याने मी ते पातं घेऊन आर्लिसकडे गेलो. आर्लिस म्हणजे ओरिनची बायको, शाळेची बस चालवायची, चोपन्न वर्षांची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पातं ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं ती रडेल, नाहीतर अंगावर धावून येईल.

"किती दिवस होतं तुझ्याकडे?"

"पाच महिने."

"त्याने विचारलं होतं तुला."

"हो."

तिने माझ्यापुढे कॉफी ठेवली. मग विचारलं, "वेंडेलचा जीव सध्या कुठल्या हरणात अडकलाय?"

मी सांगितलं. तिच्या आणि वेंडेलच्या कुंपणावरून ये-जा करणारा एक तरणा नर होता. त्याची झडलेली शिंगं दर वसंतात वेंडेल रानातून शोधून आणायचा आणि शेकोटीवरच्या फळीवर मांडायचा. पाहुण्यांना दाखवायचा, की बघा, अजून दोन वर्षं थांबा, हा भिंतीवरच्यालाही मागे टाकेल.

"बरं," आर्लिस म्हणाली.

तिने आयुष्यात धनुष्य हातात घेतलं नव्हतं. ओरिनचं तिला ओढवेना, म्हणून मी त्याचा ताण कमी करून आणून दिलं. सकाळची बस सोडून आली की ती कोठाराच्या माळ्यावर चढायची आणि वरून खाली गवताच्या गठ्ठ्यांवर बाण मारायची. पहिल्या महिन्यात तिचा उजवा खांदा इतका सुजला, की बसचं दार ती डाव्या हाताने उघडायची. पोरं विचारायची. ती म्हणायची, पडले.

माझ्या दुकानात ती मागच्या दाराने यायची. टांगलेल्या हरणापाशी उभी राहायची. "फुप्फुस कुठून कुठवर? वरून पाहिलं तर? तिरकं उभं असेल तर?" मी छाती उघडून दाखवायचो. ती बोट घालून बघायची. वाटायचं, आर्लिसने आपल्याला पदरात घेतलं. त्या तीन वर्षांत मला शांत झोप लागायची.

पहिल्या हिवाळ्यात ती एक्केचाळीस वेळा मचाणावर बसली. हरणाला वास लागू नये म्हणून कपडे खाण्याच्या सोड्यात धुतलेले, अंगाला साबण नाही, तोंडात कॉफी नाही. वारा वेंडेलच्या बाजूने असेल तरच चढायचं, नाहीतर घरी. पाय बधिर होईतो हलायचं नाही. नाकावर खार येऊन बसली तरी नाही. एकदा एक लहान नर पंधरा पावलांवर आला आणि तिने तो बघत असतानाच दोरी ओढली. त्याने पाय आपटला, फुरफुरला, आणि सगळं रान रिकामं झालं.

दुसऱ्या वर्षी तो आलाच. वेंडेलचा. तीस पावलं, कुंपणाला लागून.

"मग?" मी विचारलं.

"नाही सोडला."

"अगं, तीस पावलांवर तू गठ्ठ्यात बशीएवढ्या जागेत मारतेस!"

"आणि जखमी होऊन पलीकडे पडला तर? मला तो माझ्याच मातीत पडायला हवाय, एल्डन."

वेंडेलला कळलं होतं, की ही बसते. दुकानात तो मोठ्याने म्हणायचा, "काय आर्लिस, मचाणावर विणकाम करतेस की झोपा काढतेस?"

"विणते," ती म्हणायची. "एकेक टाका."

सगळे हसायचे. तीही हसायची. ते हसू मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी नवाच्या सुमारास ते घडलं. नंतर मी सोलत असताना तिने सगळं सांगितलं, सुरीवरची नजर न काढता.

नर माजावर होते. वेंडेलच्या रानातून एक मादी पळत आली आणि तिच्या मागे तो. दोन्ही बाजूंना सहा-सहा फाटे. पलीकडे शंभरेक पावलांवर वेंडेल त्याच्या मचाणावर उठून उभा राहिलेला तिला दिसला. नर त्याच्या टप्प्याच्या बाहेरून गेला होता. मादीने कुंपणावरून उडी मारली आणि आर्लिसचं मचाण असलेल्या ओकच्या झाडाखाली येऊन थांबली. नर चालत चालत आत आला. त्याचं डोकं पलीकडच्या एका झाडाच्या बुंध्याआड गेलं तेव्हा आर्लिसने दोरी ओढली, आणि नर तिथेच थांबला. खांदाही बुंध्यामागे, बाणाला वाट नाही.

ती ओढलेली दोरी धरून राहिली. दंड थरथरायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. सोडून द्यावी तर हालचाल दिसणार. तिने मनातल्या मनात बसचे थांबे मोजायला घेतले. अकराव्या थांब्याला नराने एक पाऊल पुढे टाकलं.

बाण आरपार गेला. नर कुंपणाकडे धावला. चाळीस पावलं गेला असेल. तारेच्या दहा हात अलीकडे त्याचे पुढचे पाय दुमडले.

"मी लगेच खाली उतरले नाही," आर्लिस म्हणाली. "अर्धा तास बसले. ओरिन बसायचा तशी."

"पण तो तर डोळ्यांसमोर मेला होता."

"हो. वेंडेलला नीट बघू दिलं."

हरीण दुकानात आलं तेव्हा वीसेक जण होते. म्हाताऱ्या शिकाऱ्यांनी टोप्या काढल्या. मी शिंगांवरून हात फिरवला. तीस वर्षांत तसं शिंग माझ्या हाताखालून गेलं नव्हतं. तेवढ्यात वेंडेल आला. तो न येऊन जाणार कुठे?

त्याचा आवाज एकदम मऊ होता. "आर्लिस, तुझं अभिनंदन. त्याची आधीच्या वर्षांची शिंगं माझ्याकडे आहेत. हे डोकं मला दे, एकत्र लावतो. काय हवं ते माग."

"ओरिनचं हरीण दे."

"कसलं ओरिनचं?" वेंडेल हसून सगळ्यांकडे बघत म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "सांग, एल्डन."

वीस जणांच्या माना माझ्याकडे वळल्या. वेंडेलचे डोळे म्हणत होते, माझी बहीण तुझ्या घरात आहे.

"आत ओरिनचं पातं होतं," मी म्हणालो. "हाडात रुतलेलं. मीच काढलं, आणि मीच लपवलं."

कुणीतरी हातातला कप खाली ठेवला. वेंडेलचा चेहरा चुन्यासारखा झाला. "बायकी कांगावा," असं काहीतरी तो पुटपुटला, पण त्याच्या बाजूला कुणी सरकलं नाही.

"आता करवत चालू कर," आर्लिस म्हणाली. "शिंगं काप. चार-चार बोटांचे तुकडे. कुत्र्यांना चघळायला."

"आर्लिस, असं शिंग परत या खोऱ्यात..."

"काप."

वेंडेल पुढे धावला. "अगं, वेड लागलं का तुला? थांबव तिला कुणीतरी!" दोन म्हातारे त्याच्या आडवे उभे राहिले. हाताची घडी घालून.

मी कापलं. हाडं कापायच्या करवतीवर शिंग धरलं की दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा जळका वास येतो. तो वास दुकानभर झाला. एकेक फाटा खाली पडत गेला, आणि दर वेळी वेंडेलच्या घशातून आवाज यायचा. आर्लिसने तुकडे डब्यात भरले आणि ज्याच्या ज्याच्या घरी कुत्रा होता त्याच्या हातावर ठेवले. एक तुकडा वेंडेलपुढे धरला.

"तुझ्या कुत्रीला."

वेंडेल निघून गेला. त्याच्या गाडीचं दार दोनदा आपटल्याचं मला ऐकू आलं.

मांस तिने चर्चच्या गरिबांसाठीच्या धान्यघराला देऊन टाकलं. सगळे पांगल्यावर मी कागदात गुंडाळत होतो. हात हलके झाले होते. म्हणालो, "आर्लिस, ओरिनला आज..."

"त्याचं नाव घेऊ नकोस."

मी हातातला कागद खाली ठेवला.

"वेंडेल चोर आहे. चोराने चोरी केली. पण ओरिनने घरी येऊन मला सांगितलं होतं, 'एल्डन खोटं बोलणार नाही. म्हणजे माझाच गैरसमज झाला असेल.' शेवटपर्यंत तो स्वतःलाच दोष देत गेला."

"मग तीन वर्षं तू माझ्याकडे यायचीस..."

"फुप्फुस कुठे असतं ते मला दुसरं कोण सांगणार होतं?" ती हातमोजे घालत म्हणाली. "आणि तुझ्याच हातांनी ते कापायला लावायचं होतं."

वेंडेलने बैठकीतलं डोकं काढलं. कुठे टाकलं, कुणाला माहीत नाही. तो आता उत्तरेकडे जाऊन शिकार करतो. थँक्सगिव्हिंगला आमच्या टेबलावर दोनच ताटं असतात, आणि बायको त्याबद्दल बोलत नाही, म्हणजे फार बोलते.

आर्लिस अजून बसते मचाणावर. बहुतेक दर वर्षी एक मादी मारते, घरच्या मांसापुरती. हरीण मागे टाकून तिची गाडी माझ्या दुकानावरून जाते, तीस मैलांवरच्या दुसऱ्या खाटकाकडे. कोपऱ्यावर थांबायची पाटी आहे, म्हणून तिला थांबावं लागतं. ती समोर बघत असते. मी सुरी पुसत काचेआड उभा असतो. पहिली दोन वर्षं मी हात वर करायचो.