मीठ-मोहरी आणि मी

हसू नका, मी बर्फच बोलतोय. सरबतातला नव्हे, अमेरिकेत बॉथेलजवळच्या एका कर्लिंग क्लबातला. एकोणीस किलोचा गुळगुळीत दगड माझ्यावरून सरकवायचा, दोघांनी त्याच्यापुढे झाडू मारत पळायचं आणि तो रंगीत वर्तुळात आणून थांबवायचा, असा हा खेळ. चांगली शिकली-सवरलेली माणसं इथे येऊन 'झाडा, झाडा' असं ओरडतात.

माझा जन्म १९८६च्या ऑक्टोबरातला. मला घडवलं दिगंबरनं. हा नागपूरचा इंजिनिअर दिवसा नोकरी करायचा आणि संध्याकाळी क्लबात फुकटची हमाली. गार फरशीवर त्यानं आधी वर्तुळं रंगवली, मग सहा संध्याकाळी पाण्याचे पातळ थर दिले. घाई म्हणून केली नाही. दर खेळाआधी तो वर कोमट पाण्याचे थेंब शिंपडायचा, कारण त्या बारीक खडबडीवरच दगड नीट धावतो. क्लबानं खूश होऊन बर्फघराची किल्ली त्याला दिली. ती तो गळ्यात घालून हिंडायचा.

जानेवारीत त्याची आई, मालिनीबाई, भारतातून आल्या. त्याला पाणी शिंपडताना बघून म्हणाल्या, "सडा घालतोयस होय रे? पण रांगोळी आधी नि सडा नंतर?"

"इथे असंच असतं, आई," दिगंबर हसला. मला त्या तेव्हाच आवडल्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात क्लबाचे अध्यक्ष वॉल्टर दिगंबरच्या खेळाचं तोंडभर कौतुक करत होते, आणि दिगंबर सगळ्यांदेखत माझ्यावर आपटला. मालिनीबाईंना तेवढं पुरलं. बाकीचे कॉफी प्यायला गेल्यावर त्यांनी पर्समधून पुडी काढली आणि मूठभर मीठ-मोहरी लेकावरून ओवाळली.

"आई, लवकर आवर, लोक बघतील! आणि घरी नेऊन जाळू नकोस हं, परवासारखा स्मोक अलार्म वाजेल."

"नाही रे बाबा, पाण्यात टाकते."

तो बेसिन समजला आणि कॉफीला गेला. पाणी म्हणजे मीच निघालो.

काय सांगू! मीठ माझ्या अंगात भोकं पाडत खाली उतरलं. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठलं? आणि रागवायचं तरी कोणावर? त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी होतं. मग खेळ सुरू झाला. झाडूंनी आणि नंतर खरवडायच्या मशीननं ते खारं पाणी माझ्या अंगभर पसरवलं. दगड मोहरीवर अडखळून भलतीकडे वळू लागले. दोन दिवसांत माझा चिखल झाला. शनिवारची स्पर्धा कॅन्सल केली आणि मला काढून नवा बर्फ घालायचं ठरलं.

"बर्फ घालताना पाणी तपासलं होतंस ना?" वॉल्टरनी विचारलं.

दिगंबर वाकला. माझ्यातून त्यानं एक काळा दाणा उचलला, बोटांत फिरवला आणि गुपचूप खिशात टाकला. मग म्हणाला, "माय मिस्टेक, वॉल्टर. चेक करायचं राहिलं." गळ्यातली किल्ली त्यानं स्वतःच काढून दिली. खरं काय ते मला माहीत होतं, पण माझी साक्ष कोण काढणार?

आज माझ्यावर गरम पाणी सोडताहेत. दिगंबर इतरांबरोबर बादल्या उचलतोय. मालिनीबाई शेजारी उभ्या आहेत.

"आई, ऐक, परवा तू ते मीठ..." त्यानं सुरुवात केली.

"बघितलंस ना? तुझ्यावरचं सगळं ह्या बर्फानं घेतलं! सुटलास हो बाळा. आता मी निवांत परत जाईन." त्यांचा चेहरा असा फुलला होता की दिगंबरनं पुढचं गिळलं.

"आणि गळ्यातली किल्ली कुठे गेली रे?"

"ऑफिसात ठेवली, आई."

त्याला मी दोष देत नाही. फक्त एक विनवणी आहे, दिगंबर. नवा बर्फ घालतील तेव्हा आईची पर्स तेवढी बघत जा.

आता माझा पातळसा थर उरलाय. मालिनीबाई माझ्या कडेशी वाकल्या, ओल्या बोटांनी मला शिवल्या आणि हात जोडले.

"माझ्या लेकाचं तू घेतलंस. तुझे उपकार कसे फेडू रे?"

मला खूप बोलायचं होतं. तेवढ्यात आणखी एक बादली आली.