वेगळ्या पावतीवरची पेटी

मी एका विजेच्या स्कूटरीची जुनी पेटी आहे, चार्जिंगची. अंगभर ओरखडे, वायरीला चिकटपट्टी. हसू नका, मित्रांनो. ती चकचकीत स्कूटर माझ्यावाचून दारातून हलत नाही.

आम्ही दोघी एकाच कारखान्यातल्या. सरकारनं तेव्हा ठरवलं होतं, अमुक किमतीच्या आत गाडी असेल तरच कंपनीला अनुदान. स्कूटरीची किंमत त्याच्या वर जात होती. मग टाय बांधलेल्या दीडशहाण्यांनी मला तिच्यापासून तोडलं आणि माझी वेगळी पावती फाडली. कागदावर गाडी स्वस्त झाली. गिऱ्हाइकानं मोजायचे ते मोजलेच, वर सरकारचं अनुदान कंपनीनं लाटलं. एवढं शिकून हे शहाणपण!

उमापूरला मी बंकटच्या घरी आले. तो मेंढरं राखणारा. त्याची सून बबिता गेवराईला नर्सिंग शिकत होती, तिच्यासाठी ही गाडी. काम करताना मी गरम व्हायचे, तर कोकरं येऊन मला चिकटायची. बबिता मला रोज ओढणीनं पुसायची. तेवढं कौतुक मला पुरे होतं.

पुढं कंपनीची लबाडी उघडी पडली. गिऱ्हाइकांना पेटीचे पैसे परत द्या, असा हुकूम निघाला. पैसे आले तेव्हा बबिता माहेरी होती.

बंकट म्हणाला, "पैसे परत आले म्हंजी माल परत द्याया पायजे. दुसऱ्याचं आपल्या घरात कावून ठिवायचं?"

मला घोंगडीत गुंडाळून त्यानं गेवराईचं शोरूम गाठलं. पेटी परत द्यायची नसते, हे तिथल्या विक्रेत्याला, आदिनाथला, पक्कं ठाऊक होतं. "लई इमानदार हाव बाबा तुमी," म्हणत त्या मेल्यानं मला टेबलाखाली सरकवलं.

बबिता परतली तर चार्जिंग उतरून गाडी मुकी. परवा सकाळी आठला परीक्षा आणि गावातून पहिली एसटी दहाची. पोरीचं वर्ष जायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी बंकटची बायको सत्यभामा शोरूममध्ये येऊन उभी राहिली.

"माजी पेटी दे."

"मावशी, ती जमा झाली. नवी घ्या की."

"जमा? सरकारफुडं तुमी म्हनले, पेटी गाडीची न्हाई. आन् आमी आनून दिली तर लगीच कंपनीची झाली व्हय रे? जमा केल्याची पावती दाव."

आदिनाथ चाचरला. "पावती न्हाई फाडली."

"का? त्याची तर लई हौस हाय की तुमाला!"

गाडी बघायला आलेलं एक जोडपं खुदकन हसलं. सत्यभामा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मांडी घालून बसली. "बसा बाई, समदं सांगते तुमाला," म्हणाली. आदिनाथनं मला मुकाट्यानं बाहेर काढलं.

परीक्षेला बबिता वेळेवर पोचली. त्या कंपनीनं मात्र आजवर चुकलो म्हणून एक ओळ लिहिली नाही. तिच्याकडून माझी ती अपेक्षाही नाही.

मित्रांनो, माझी वायर पिळू नका, मला पावसात ठेवू नका, एवढं जपा. आणि बंकटला हसू नका. अनुदान देणारे, घेणारे, गाड्या विकणारे, सगळे मोठे लोक. घेतलेलं परत द्यायला कुणी न सांगता निघालेला तो एकटाच होता.