एक प्रसंग, दोन सॉफ्टवेअर

भावापासून शिपायापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. एका टीव्ही मालिकेची मुख्य एडिटर होती ती, आणि तिचा हात एडिटिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरवर बसलेला. आता निर्मातीबाईंनी फर्मान काढलं, की यापुढे एडिटिंग, रंग, आवाज अशा सगळ्या खोल्यांत एकच सॉफ्टवेअर चालेल. जुनं की नवं, ते ठरवायला ताईने एकच प्रसंग दोन्हींवर कापून दाखवायचा. नवं निवडलं गेलं तर तिच्या खुर्चीत ते सराईतपणे चालवणारा कुणी बाहेरून येणार. म्हणजे तराजू ताईनेच धरायचा आणि पारड्यातही ताईनेच बसायचं.

शेजारच्या खोलीत चित्रांचे रंग जुळवणारा धाकटा भाऊ दारातूनच म्हणाला, "नव्यातलं काम जरा ढिलं सोड. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस."

"ढिलं काम माझ्या हातून व्हायचं नाही. जा तू, रंग बघ."

प्रसंग साधा होता. आई मुलीला तिच्या घराची किल्ली परत देते. जुन्यावर ताईचा हात भराभर चालला. संवाद संपला की कट, समोरचा चेहरा, पुन्हा कट. चहा गार व्हायच्या आत काम फत्ते.

नव्यावर मात्र फजिती. नव्या सुनेला मिठाचा डबा सापडू नये, तशी ती बटणं शोधत बसली. कापायला जाई आणि शॉट आपला पुढे चालतच राही. असाच एक चालत राहिला. संवाद संपला होता, मुलीने किल्ली घेतली होती, आणि आईचा रिकामा हात तसाच पुढे राहिला होता.

ताईने शॉट मागे नेऊन पुन्हा पाहिला. जुन्यावर तिने हा हात न बघताच उडवला होता. तिला स्वतःची लाज वाटली. या वेळी तिने तो शॉट पुरता ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रसंग बघून दिग्दर्शक चष्मा पुसत म्हणाला, "दुसरा. नवं सॉफ्टवेअर भारीच आहे."

"मग ठरलं," निर्मातीबाई म्हणाल्या. "नवा एडिटर बघते."

"थांबा," ताई म्हणाली. "तो हात सॉफ्टवेअरने नाही ठेवला. मला बटण सापडेना, म्हणून शॉट चालत राहिला आणि मी तो शेवटपर्यंत बघितला. जुन्यावर माझं बोट डोळ्यांच्या आधी कापतं."

"म्हणजे जुनंच ठेवायचं म्हणता?"

भाऊ मागून जोरजोरात मान हलवून हो म्हण, हो म्हण असं सुचवत होता. ताईने तिकडे बघितलंच नाही.

"नाही, नवंच घ्या. जुन्यात माझ्या भावाकडे रंगाला आणि पलीकडे आवाजाला फाइली सारख्या पाठवाव्या लागतात, परत आणाव्या लागतात. नव्यात सगळं एकाच जागी होतं. ते खरंच बरं आहे. पण खुर्ची मी सोडणार नाही."

"अहो, तुम्हाला बटणं सापडत नाहीत."

"सापडतील. तुम्ही ज्याला आणाल, त्याला आजच सापडतात. तोही संवाद संपला रे संपला की कापणार, जुन्यावर मी कापते तसाच. मी शिकेन, पण आता बघून कापीन. सुरुवातीला भाग उशिरा होतील, चॅनेलची बोलणी बसतील, ती मी खाईन."

निर्मातीबाईंनी दिग्दर्शकाकडे पाहिलं. तो अजून पडद्यावरच्या त्या हाताकडे बघत होता.

"बोलणी खायला मी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बटणं शोधा."