हिंदुरावाचा पंजा

बहात्तरच्या दुष्काळात दर चौथ्या दिवशी सांगोल्याहून आमच्या वस्तीला पाण्याचा टँकर यायचा. अर्धं पाणी आमच्या हिरीत, अर्धं म्होरल्या वस्तीला. तितं माझी लेक अंबू दिलेली, महिन्याची बाळंतीण. त्यामुळं टँकर आमच्याकडनं हलेपर्यंत माझ्या जिवाला थारा नसायचा.

एकदा कुणी दीडशहाण्यानं बाभळी तोडून ढीग वाटंतच टाकलं. "गुरुवारपातूर काटं हलवा, न्हायतर मी येत न्हाय," असं टँकरचा ड्रायव्हर धुळाप्पा बजावून गेला. आमी बाया बेळकी घेऊन निघालो. बेळकं म्हंजे दोन फाट्यांची काठी. तिनं काटं रेटायचं, हात लावायचा न्हाय.

तवर आमच्या वस्तीतला हिंदुराव ट्रॅक्टर घेऊन आला. सोलापुरात आठ दिवस शिकून आलेला, आन नातेपुत्याच्या लोहाराकडनं ट्रॅक्टरला मागं काटं उचलायचा लोखंडी पंजा बसवून आणलेला. आधी त्यानं आमालाच उभं करून नियम सांगितलं. ओझं लई उंच उचलायचं न्हाय, जमिनीलगत न्यायचं. उतारावर आडवं जायाचं न्हाय. आन माणसं वीस पावलं लांब.

खोटं कशाला बोलू, काम बेस केलं त्यानं. आमाला दोन दिस लागलं असतं ते दुपारच्या आत उरकलं. कुणाला ओरखडासुदिक न्हाय.

"हिंदुराव, पंज्यातनं काटं गळत्यात. मागनं झाडून घेऊ दे," मी म्हणलं.

"मावशे, मशीन चालू असताना जवळ यायचं न्हाय."

"आन बंद झाल्यावर?"

"झाडायचं नियमात न्हाय की."

माझं डोस्कं फिरलं. जळ्ळं मेलं ते शिक्षण, म्हणलं, आन केरसुणी घिऊन घरी आले. मशीन बंद झाल्यावर झाडता आलं असतं. पर न्हाय झाडलं. बसले रुसून.

गुरुवारी टँकर आला आन हिरीम्होरंच त्याचं चाक बसलं. टायरात बोटाएवढा बाभळीचा काटा. भरल्या गाडीला जॅक लागंना. धुळाप्पानं सगळं पाणी आमच्याच हिरीत सोडलं, स्टेपनी चढवली आन माघारी गेला. दिसाला एकच खेप असायची त्याची.

वस्तीला काय, दुप्पट पाणी. पाटलांनी नारळ देऊन हिंदुरावाचा सत्कार केला. "एकाला खरचटलं न्हाय बघा," म्हणालं. सगळी माना डोलवत हुती. मला मातुर रडू फुटलं. तिकडं अंबू रिकामी घागर घिऊन वाटंकडं बघत बसली असंल, आन तिच्या वाटणीचं पाणी मी माझ्या रुसव्यापायी हितं सांडलं.

घागर भरली, डोक्यावर घेतली आन दीड कोसाची वाट धरली. पायात वहाण नव्हती.

वीस पावलं गेले असंन, मागनं हिंदुराव म्हणाला, "मावशे, जपून जा. वाटंवर काटं हायेत."